मासेमारीस सक्त मनाई

सरकारी पाटी चार फूट बाय तीन फुटांची असते. तिच्यात किती मजकूर मावतो याची चौकशी मी वेळेवर केली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. पण मी पावतीवर सही करून मोकळा झालो. सही करताना मी नेहमीच घाई करतो. समोरचा माणूस माझ्यामुळे खोळंबला आहे ही कल्पनाच मला सोसत नाही.

आमची कॉलनी सातपूरच्या बाजूला आहे आणि कॉलनीच्या मागे कारभारी तळे. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात काही लोक तिथे चक्क मच्छरदाणी घेऊन उतरलेले मी पाहिले. बोटाएवढी पिल्ले बादल्या भरभरून निघत होती. मी चौतीस वर्षे ग्रंथपाल होतो, त्यामुळे काहीही वाईट दिसले की आधी त्यावरचे पुस्तक शोधतो. पुस्तकात लिहिले होते की पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ, तेव्हा जाळे टाकू नये. मी वर्तमानपत्राला चार ओळींचे पत्र लिहिले : जून ते ऑगस्ट मासेमारी बंद ठेवावी. इतकेच. ते छापून आले, आणि आयुष्यात प्रथमच माझ्या लिहिण्याचा काही परिणाम झाला. महापालिकेच्या विभागीय कार्यालयाने मला मानद तलावमित्र केले आणि महिन्याभरात पाटी पाठवली. पाटीवर लिहिले होते, 'मासेमारीस सक्त मनाई. आदेशावरून.'

"तारखा?" पाटी घेऊन आलेल्या पेंटरला मी विचारले.

"मावल्या नाहीत, सर. मजकूर वाढला की अक्षर बारीक होतं. बारीक अक्षर वाचतो कोण?"

चौतीस वर्षांच्या अनुभवावरून या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. सप्टेंबरात जाऊन दुरुस्ती करून घेऊ, असे ठरवून मी सही केली. सप्टेंबरात गेलो तेव्हा खिडकीवर गर्दी होती. पुढच्या सप्टेंबरात गर्दी नव्हती, पण वर्षभर गप्प बसून आता काय सांगायचे, या विचाराने मी दारातूनच परतलो.

इथे एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी मासे खातो. आवडीने खातो. हे पुढे माझ्याविरुद्ध वापरले गेले, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

पाटीने पहिला बळी घेतला तो भिमाजीचा. तळ्यापलीकडच्या वस्तीत राहणारा भिमाजी तीस वर्षे तिथे जाळे टाकत होता. पावसाळ्यात तो स्वतःहूनच थांबायचा. त्यासाठी त्याला माझ्या पुस्तकाची गरज कधी पडली नव्हती. पाटी वाचून त्याने जाळे गुंडाळले आणि एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला. त्याची बायको सरुबाई मासे विकायची, ती भाजी विकू लागली. मला पाहिले की हाक मारायची.

"मास्तर, कोथिंबीर घ्या! मासे तर तुम्ही सरकारजमा केले."

मी निमूटपणे दोन जुड्या घ्यायचो. आमच्या घरात त्या दोन वर्षांत इतकी कोथिंबीर आली की मंगलाने, म्हणजे माझ्या पत्नीने, एकदा शांतपणे विचारले, "अहो, हा दंड आणखी किती वर्षं चालणार आहे?"

दुसरा परिणाम माझ्या कल्पनेबाहेरचा होता. लोकांनी नियम पाळला. मी नियम मोडणाऱ्या लोकांची मनातल्या मनात खूप तयारी करून ठेवली होती, पाळणाऱ्यांची मुळीच नव्हती. आमच्या कॉलनीतल्या प्रफुल्ल बोरस्ते नावाच्या विमा एजंटाने 'मत्स्यसेवा परिवार' स्थापन केला. रोज सकाळी कणकेच्या गोळ्या, संध्याकाळी पाव, शनिवारी भिजवलेली डाळ. कोणाला गुरुजींनी सांगितलेले, कोणाला डॉक्टरांनी, की माशांना खाऊ घाला, मन शांत होईल. वाढदिवसाचा केकसुद्धा तळ्यात जाऊ लागला. तळ्यात एक जुना, हातभर लांबीचा कटला मासा होता. परिवाराने त्याचे नाव 'शेठ' ठेवले. शेठ कणकेला तोंड लावतो की नाही यावरून लोक आपला दिवस कसा जाईल ते ठरवीत.

या वर्षीच्या मे महिन्यात तळ्याचे पाणी अर्ध्यावर आले आणि हिरवेगार झाले. आणि सकाळी सकाळी मासे वर येऊ लागले. एक-दोन नव्हे, हजारो. पाण्याबाहेर नुसती तोंडे, उघडबंद, उघडबंद.

"बघा सर!" प्रफुल्लराव म्हणाले. "आपल्याला भेटायला येतात. माणसाला नसते एवढी कृतज्ञता!" ते व्हिडिओ काढत होते. मागे भक्तिगीत लावलेले होते.

मला ती तोंडे कृतज्ञ वाटेनात. मला स्वतःला दम्याचा त्रास आहे. तोंड असे कधी उघडते ते मला ठाऊक आहे.

त्याच दुपारी मी भिमाजीला त्याच्या गेटवर गाठले. त्याने माझे बोलणे पुरते ऐकलेही नाही.

"वारा मिळंना त्यांना, सर. पाण्यातला वारा संपलाय. तळं चिलापीनं भरलं. ती वर्साला तीन-चार डाव पिलं काढती, अन् तोंडात धरून सांभाळती. एकबी मरत नाय. वरून तुमचे लोक पाव टाकतेत, तो सडतो."

"मग उपाय?"

"जाळं. निम्मी काढायची. पाऊस पडायच्या आत. येकदा का आभाळ भरून दोन दिवस ऊन पडलं नाय, तर येका सकाळी सगळं तळं पांढरं दिसंल. पोटं वर."

मी पुस्तक उघडले. पुस्तक भिमाजीच्या बाजूने होते; चिलापीला त्यात तिलापिया म्हटले होते. त्यातला तक्ता मी आधीही पाहिला होता, पण 'अतिरिक्त मासे काढणे' हे प्रकरण मी तेव्हा वाचायचे सोडले होते, कारण ते मला क्रूर वाटले होते.

त्या दिवसापासून माझी झोप गेली. तारखांचे गणित सोपे आणि भयंकर होते. एक जूनपासून माझ्या मूळ पत्राप्रमाणेही मासेमारी बंदच असायला हवी. म्हणजे हातात अठरा दिवस. आणि तळे मेले तर ते कोणामुळे, हे फक्त दोघांना ठाऊक होते. त्यातला भिमाजी सांगणार नव्हता, आणि हीच गोष्ट मला जास्त बोचत होती.

मी कार्यालयात गेलो. या वेळी गर्दी असूनही थांबलो. खिडकीत अंजली मॅडम नावाच्या लिपिक होत्या. स्वभावाने चांगल्या. त्यांनी कपाटातून चार गठ्ठे काढून पाहिले.

"सर, पाटी लावायचा अर्ज आहे. काढायचा नाही."

"काढायची नाही. तिच्यावर तारखा घालायच्या आहेत. आणि मासे कमी करायला परवानगी हवी आहे."

"कमी?" त्यांनी माझ्याकडे दुःखाने पाहिले. "तुम्हीच ना ते, मासे वाचवणारे?"

"हो. वाचवायलाच कमी करायचे आहेत."

हे वाक्य घरी आरशासमोर बरे वाटले होते. खिडकीशी ते वेड्यासारखे ऐकू आले. माझ्यामागचा माणूस दोन पावले मागे सरकला.

अर्ज उद्यान विभागाकडे गेला, कारण तळ्याचा काठ बागेत येतो. उद्यान विभागाने तो पाणीपुरवठ्याकडे पाठवला, कारण काठ बागेत असला तरी पाणी नाही. पाणीपुरवठ्याने तो पशुवैद्यकीय विभागाकडे पाठवला. तिथून पाचव्या दिवशी फोन आला.

"तुमच्या अर्जात खुलासा नाही. हे मासे पाळीव आहेत की भटके?"

मी विचारात पडलो. खरे सांगायचे तर प्रश्न वाटतो तितका वाईट नव्हता. शेठला नाव होते, रोजचे जेवण होते. चिलापी मात्र कोणाच्याच नव्हत्या. "एक पाळीव असावा," मी म्हणालो. पलीकडून फोन ठेवला गेला.

इकडे मी परिवाराच्या बैठकीत विषय काढला. पाणी, हवा, चिलापीची पिल्ले, सगळे कागदावर लिहून नेले होते. पहिल्या परिच्छेदातच गलका झाला.

"जाळं? म्हणजे मारायचे?"

"सर, परवा रविवारी तुमच्या घरातून फोडणीचा वास येत होता. मी काही बोललो नाही."

"तो सुकटीचा होता," मी म्हणालो. "समुद्रातला."

"आज समुद्रातला, उद्या तळ्यातला!"

प्रफुल्लरावांनी दोन्ही हात वर करून सर्वांना शांत केले. "सरांचा हेतू वाईट नाही. पण सर, तुम्हीच लावलेली पाटी आहे. देवळाचा कळस चढवणाऱ्यानेच तो उतरवायचा म्हटलं तर कसं दिसेल?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सवय आहे.

पंचवीस मे उजाडली. वर्तमानपत्रात वळवाच्या ढगांची बातमी होती. मी भिमाजीकडे जाऊन म्हणालो, की मी प्रयत्न केला, पण मला जमले नाही.

सरुबाई भाजीची पाटी उतरवत होती. "मास्तर, येक सांगू? अर्जाला कुणी येत नाय. मागं नळ फुटला तव्हा आमी सा अर्ज केले. मग शेजारणीनं तक्रार केली की सरुबाई नळाचं पाणी चोरती. दुसऱ्या दिवशी जीपभर साहेब आले! माझ्यावर वरडले, अन् जाताना नळ नीट करून गेले."

"म्हणजे कोणीतरी गुन्हा करायला हवा," मी म्हणालो. भिमाजी माझ्याकडे पाहू लागला. मी घाईने म्हणालो, "तुम्ही नाही. तुमची नोकरी आहे. मी करतो." आवाज माझाच होता. मला तो ओळखू आला नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता, तळ्यावर सर्वांत जास्त गर्दी असते तेव्हा, भिमाजीने दिलेला गळ घेऊन मी बरोबर पाटीखाली जाऊन बसलो. कणकेची गोळी हुकाला लावताना तिसऱ्या वेळी माझेच बोट टोचले. आयुष्यात मी ग्रंथालयाचे पुस्तकसुद्धा एक दिवस उशिरा परत केलेले नाही.

प्रफुल्लराव जवळ आले. माझ्याकडे, काठीकडे, कणकेकडे पाहिले.

"वा सर! काठीने भरवताय? चांगली युक्ती आहे. मधल्या माशांना मिळतच नाही बिचाऱ्यांना."

"मी मासे मारतो आहे," मी म्हणालो.

"काय सर तुम्ही पण!" ते मोठ्याने हसले.

तेवढ्यात दोरीला झटका बसला. अशा तळ्यात मासा लागणे ही काही कर्तबगारी नव्हती, गोळी पाण्यात पडायचाच अवकाश होता. मी दचकून काठी वर ओढली. वीतभर चिलापी हवेतून आली, माझ्या शर्टावर आदळली आणि खिशात अर्धी शिरून फडफडू लागली. मी ओरडलो. दोन बायका ओरडल्या. ती कशी सोडवली आणि पाण्यात कशी टाकली, मला आठवत नाही. चष्माही तिच्याबरोबर गेला असता, प्रफुल्लरावांनी झेलला.

मी उठून उभा राहिलो. 'आता हे तक्रार करतील,' असे वाटून मला भीतीबरोबरच फार बरे वाटले.

प्रफुल्लरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, ऊन लागलंय तुम्हाला. चला, घरी सोडतो." आणि मंडळींकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "घरातली गोष्ट आहे. बाहेर जाता कामा नये."

दुपारपर्यंत परिवाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकोणसाठ जणांनी मला लवकर बरे होण्याच्या शुभेच्छा दिल्या. कोणीतरी ब्राह्मी तेलाची बाटली दारात ठेवून गेले. मी गुन्हेगार व्हायला गेलो होतो आणि रुग्ण होऊन परतलो. माणसाचा एवढा अपमान त्याला शिव्या देऊनही करता येत नाही.

मंगलाने शर्ट भिजत घातला. मग माझ्यासमोर कोरा कागद आणि पेन आणून ठेवले.

"तुमचं अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. "तुम्हीच लिहा."

सोमवारी सकाळी मी ती तक्रार कार्यालयाच्या छापील फॉर्मवर उतरवून दिली. अंजली मॅडमनी ती दोनदा वाचली.

"सर, तक्रारदाराचं नाव आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचं नाव एकच पडलंय."

"एकच आहे."

"पत्तापण?"

"तिथेच राहतो."

त्यांनी फॉर्मवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. "रकाने दोन आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. "दोन्ही भरलेत. मला हरकत घेता येत नाही." आणि शिक्का मारला. मानद तलावमित्रानेच तलावात गुन्हा केला असल्याने त्यांनी वर लाल शाईने 'तातडीचे' असेही लिहिले.

मंगळवारी सकाळी सात वाजता जीप आली. आत एक साहेब, दोन कर्मचारी. आभाळ आदल्या दुपारपासून भरलेले होते आणि वारा थांबला होता. बातमी कॉलनीभर पसरली होती. सगळा परिवार काठावर उभा होता. ड्युटी संपवून आलेला भिमाजी गणवेशातच मागे उभा होता. त्याच्या हातात पाग, म्हणजे फेकायचे गोल जाळे, होते. ते त्याने का आणले होते कोण जाणे. विचारले असते तर कदाचित त्यालाही सांगता आले नसते.

"गुन्हेगार कोण?" साहेबांनी विचारले.

मी हात वर केला.

"तक्रारदार?"

हात वरच ठेवला.

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मुद्देमाल कुठंय? मासा?"

"घाबरून सोडून दिला."

"मुद्देमालाशिवाय पंचनामा कसा करणार? मासा कोणत्या जातीचा, केवढा, काय लिहू मी?"

"दाखवतो," मागून भिमाजी म्हणाला, आणि कोणी काही बोलायच्या आत त्याने पाग फेकला. जाळे हवेत पूर्ण उघडले आणि पाण्यावर पडले. ओढताना त्याला साहेबांच्या दोन माणसांची मदत घ्यावी लागली. काठावर ढीग पडला. सगळ्या चिलापी, डोकी मोठी, अंगे नुसती चिंध्यांसारखी.

"ह्यो मुद्देमाल," भिमाजी म्हणाला. "उपाशी हाय, साहेब. रोज पाव खाऊन उपाशी. अन् आता वारा बी नाय."

आणि त्याच वेळी कोणीतरी किंचाळले, "शेठ!"

पायऱ्यांजवळ शेठ आडवा तरंगत होता. चंदेरी कूस वर. तोंड उघडत होते, पण दोन उघडण्यांमध्ये फार वेळ जात होता. त्याच्या पलीकडे हिरव्या पाण्यावर पांढरे ठिपके दिसू लागले होते. दहा, वीस. मग मी मोजायचे थांबवले.

प्रफुल्लरावांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दोन वर्षे ते ज्याला कृतज्ञता म्हणत होते, ते काय होते, हे त्यांना त्या क्षणी कळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. "सर... हे तुम्ही त्या कागदावर लिहिलं होतं?"

"दुसऱ्या परिच्छेदात."

"आम्ही पहिल्यालाच ओरडलो."

"नुसते हुबे काय ऱ्हायले!" भिमाजी ओरडला. "पाण्यात उतरा! तोंड पुढं करून धरा त्याला, अन् पुढं पुढं न्या. कल्ल्यातून पाणी गेलं पायजे!"

विमा एजंट प्रफुल्ल बोरस्ते इस्त्रीच्या पॅन्टसह, बुटांसह कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि त्या हातभर माशाला तान्ह्या मुलासारखे दोन्ही हातांवर घेऊन काठाकाठाने चालू लागले. "श्वास घे रे. श्वास घे," असे ते मोठ्याने म्हणत होते. कोणी व्हिडिओ काढला नाही. तिसऱ्या फेरीला शेठने शेपटी मारली आणि तो खाली गेला.

साहेब घामाघूम झाले होते. भिमाजी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, जाळं टाकायचं लिवून द्या. नायतर परवा सगळं मेलं की उचलायला माणसं लावा. तुमच्याच हद्दीत वास सुटंल."

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनाम्याखाली लिहिले : मुद्देमाल अधिक प्रमाणात आढळल्याने तो जाळे टाकून काढून घेण्यात यावा. खाली सही, तारीख. माझ्या अर्जाला दोन आठवड्यांत जे जमले नव्हते, ते माझ्या गुन्ह्याला बारा मिनिटांत जमले.

भिमाजीने कारखान्यात रजा टाकली. वस्तीतली पाच-सहा माणसे घेऊन चार दिवस जाळी ओढली. चिलापी टोपल्यांनी निघाल्या. रोहू, कटला परत सोडले. पहिल्या दिवशी परिवाराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी लोक लांबून बघत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काही जण काळ्या पिशव्या घेऊन सरुबाईला हळूच विचारू लागले, की कोथिंबिरीबरोबर आणखी काय आहे. एकतीस मेला भिमाजीने जाळे धुऊन वाळत घातले आणि एक जूनपासून थांबला.

आता काठावर दोन पाट्या आहेत. तारखांसाठी जुन्या पाटीत जागा नव्हती, म्हणून नवी दिली. नियमाप्रमाणे दोन पाट्यांत तीस मीटर अंतर लागते. त्यामुळे एकीवर नुसती मनाई आहे, आणि बऱ्याच पुढे नुसते '१ जून ते ३१ ऑगस्ट'. लोक तिथे कसला सेल लागणार आहे अशी चौकशी करतात. प्रफुल्लराव त्यांना हाताला धरून मागच्या पाटीशी नेतात. हल्ली ते पाव टाकणाऱ्यांवर इतके ओरडतात की मला पुन्हा काळजी वाटू लागली आहे.

सप्टेंबरपासून भिमाजीला तळ्याचा परवाना मिळायचा आहे. या वेळी खिडकीवर त्याच्याबरोबर मी उभा राहिलो.

माझ्या तक्रारीचा निकालही लागला. मी दोषी ठरलो. तलावमित्र पद गेले, आणि एक वर्ष तळ्याच्या काठापासून पन्नास मीटर लांब राहायचा आदेश झाला. तक्रारदार म्हणून निकालाची एक प्रत मला आली आणि गुन्हेगार म्हणून दुसरी. नियम मी मोडला होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही. मी रोज पलीकडच्या फुटपाथने जातो. तिथून पाणी दिसते, आतले काही दिसत नाही.

परवा पाऊस उघडला होता. सरुबाई तळ्याकडून येताना दिसली. मी रस्त्याच्या या बाजूनेच विचारले, "सरुबाई, मासे दिसले का?"

"नाय, मास्तर. एकबी नाय."

मी फुटपाथच्या कडेला आलो. "एकही नाही? सकाळी पाहिलं होतं का नीट? शेठ?"

ती भाजीची पाटी डोक्यावर सावरत हसली. "अवो, दिसत नाय म्हंजे बरे हायेत. खाली असतील आपापल्या कामाला. तुमीबी जा आता घरी."

मी घरी गेलो. त्या दिवशी कोथिंबीर घेतली नाही.